चाळिशीनंतरचा न हटणारा ताप: ब्रुसेलोसिस ओळखण्यापासून बरा होईपर्यंत

पन्नाशीच्या आसपासच्या माणसाची कंबर धरली, संध्याकाळी कणकण आली, रात्री अंगातले कपडे घामाने भिजले, तर उत्तर तयार असतं: वय झालं, कामाचा ताण आहे. बाईमाणूस असेल तर पाळी जायचं वय म्हणून विषय तिथेच संपतो. मराठवाड्यात ज्यांच्या दावणीला म्हशी, गाई, शेळ्या आहेत त्यांनी हे उत्तर लगेच मान्य करू नये. या तक्रारींमागे ब्रुसेलोसिस असू शकतो. तो रक्ताच्या तपासणीत सापडतो आणि साध्या गोळ्यांनी बरा होतो. अडचण एवढीच की आधी कुणाला तरी त्याची शंका यावी लागते.

मी उदगीरकडची. घरी म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या. मला हा आजार पंचेचाळिशीनंतर झाला आणि त्याचं नाव कळेपर्यंत सोयाबीन निघून हरभराही घरात आला होता. मधल्या काळात टायफाईड, संधिवात, कॅल्शियमची कमी अशी सगळी नावं ऐकून झाली. हा लेख मी अशांसाठी लिहिते आहे ज्यांचा ताप दोन-तीन आठवडे उलटूनही जात नाही आणि पुढे काय करायचं ते कळत नाही.

आधी हा आजार आहे तरी काय

ब्रुसेला हा जनावरांचा जंतू. शेळ्या-मेंढ्यांत त्याची एक जात, गाई-म्हशींत दुसरी. शेळ्या-मेंढ्यांकडून येणारी जात माणसाला जास्त त्रास देते. 1887 साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू शोधला. जंतूचं नाव त्याच्यावरूनच पडलं. पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या दुधातून तो येतो. ही गोष्ट आपल्यासाठी आजही महत्त्वाची आहे. शेळी चरते, उड्या मारते, दूध देते, म्हणून ती निरोगीच आहे असं धरून चालत नाही.

माणसाला तो तीन वाटांनी लागतो. कच्चं दूध ही एक वाट. धारोष्ण दुधाने ताकद येते असं मानणारी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. दुसरी वाट म्हणजे जनावराचं बाळंतपण. रात्री म्हैस अवेळी गाभडते, वार अडकते, डॉक्टर सकाळशिवाय येणार नाहीत. मग कुणीतरी मोबाईलचा उजेड धरतो आणि घरातलं जाणतं माणूस कोपरापर्यंत उघडा हात घालून वार ओढून काढतं. त्या हातावर कडब्याचे, उसाच्या पाचटाचे ओरखडे असतातच. गाभडलेल्या जनावराच्या पाण्यात, वारेत, मेलेल्या गर्भात जंतूंचा नुसता बुजबुजाट असतो. ते ओरखड्यांतून शिरतात, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून शिरतात. तिसरी वाट श्वासाची: अशा गोठ्यात झाडलोट करताना उडालेल्या धुळीतूनही तो आत जातो.

लागण झाल्यावर त्रास सुरू व्हायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. म्हणून गाभडलेली म्हैस आणि आपला ताप यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

मोबाईलवर ही लक्षणं टाकली की बऱ्याचदा लाइम या आजाराचं नाव समोर येतं, कारण इंग्रजीत त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. तो बोरेलिया नावाच्या जंतूचा, विशिष्ट जातीच्या गोचिडांतून पसरणारा आजार आहे. त्याचं मुख्य क्षेत्र उत्तर अमेरिका आणि युरोप. भारतात तो क्वचितच आढळतो. जनावराला गोचीड आहे आणि मला सांधेदुखी आहे, एवढ्यावरून लाइमची महागडी तपासणी करत बसू नका. आपल्या भागात गोठ्याशी संबंध असलेल्या माणसाने आधी ब्रुसेला तपासून घ्यावा.

पायरी पहिली: ताप वहीत उतरवा

एक थर्मामीटर आणि मुलाची जुनी वही पुरे. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीला ताप मोजायचा आणि तारखेसह लिहायचा. तापाची गोळी घेतली असेल तर तीही वेळेसह लिहायची, नाहीतर आकडा फसवतो. ब्रुसेलोसिसचा ताप बऱ्याचदा संध्याकाळी चढतो, सकाळी उतरतो. काही दिवस नाहीसा होतो आणि परत येतो. डॉक्टरांकडे आपण नेमके सकाळी जातो आणि तिथे ताप भरत नाही. वही सोबत असली की तुमच्या सांगण्याला आधार मिळतो.

त्याच वहीत बाकीचंही टिपा. रात्रीचा घाम, त्याला उग्र वास येतो का. कोणता सांधा दुखतो. कंबरेखाली कुल्ल्याच्या बाजूला दुखणं हे या आजारात फार दिसतं. वजन घटलं का. पुरुषांनी अंडकोशाची सूज लाजेपोटी लपवू नये, ती या आजाराची ठळक खूण असू शकते. मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं हेही लिहा. ते लक्षणांतच मोडतं.

पाळी जायच्या वयातल्या बायकांसाठी एक वेगळं सांगते. त्या वयात अंगातून वाफा येतात, घामही येतो, पण थर्मामीटरवर ताप चढत नाही आणि वजन उतरत नाही. घामासोबत आकडा 100 च्या वर जात असेल तर ते पाळीचं नाही.

पायरी दुसरी: डॉक्टरांना गोठा सांगा

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल तर ती ही ठेवावी. डॉक्टर विचारतात: ताप किती दिवसांचा, थंडी वाजते का, जेवण जातं का. जनावरं आहेत का, हे क्वचितच विचारलं जातं. ओपीडीत दीडशे माणसं रांगेत असतात. आपणही दवाखान्यात जाताना स्वच्छ लुगडं नेसून, हात धुऊन जातो आणि गोठा घरी ठेवून येतो.

तेव्हा न विचारता सांगा, आणि असं नेमकं सांगा: "डॉक्टर, तीन आठवडे ताप आहे, रात्री घाम येतो, कंबर दुखते. आमच्या म्हशी-शेळ्या आहेत. दिवाळीच्या आधी एक म्हैस गाभडली, तिची वार मी हाताने काढली. ब्रुसेलाची तपासणी करून बघायची का?" असं विचारल्यावर एखादे डॉक्टर कपाळाला आठी घालतील, पण बहुतेक जण तपासणी लिहून देतात. माझी तपासणी एका नवशिक्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली, आणि तीही मी शेळ्यांचा विषय काढल्यावर.

गोठा फक्त मालकाचाच असतो असं नाही. सालगडी, शेण काढणाऱ्या बायका, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर बांधव, खाटीक, कृत्रिम रेतन करणारे, पशुवैद्यक आणि त्यांचे मदतनीस, प्रयोगशाळेत काम करणारे हे सगळे जोखमीत येतात. संभाजीनगरात नोकरी करणारा, पण दर रविवारी गावाकडून कच्चं दूध आणून पिणारा माणूसही यात आला.

आता टायफाईडबद्दल, कारण आपल्याकडे गाडं इथेच अडतं. ताप आला की दुसऱ्याच दिवशी विडाल, म्हणजे टायफाईडची रक्ततपासणी होते, रिपोर्टवर टायफाईड निघतो, सलाईन लागतं, चार-पाच दिवस अँटिबायोटिक चालतं. ताप बसतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. मग परत विडाल. एकट्या विडालवर टायफाईड पक्का करता येत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या लागणीमुळे किंवा दुसऱ्याच तापामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि अर्धवट अँटिबायोटिकने ब्रुसेला मरत नाही, दबतो. रक्तात तो सापडणं मात्र त्यामुळे अवघड होऊन बसतं. एका वर्षात तीनदा टायफाईड निघाला असं कुणी सांगितलं तर माझा पहिला प्रश्न असतो, घरी जनावरं आहेत का.

पायरी तिसरी: तपासण्या

पहिली तपासणी 'रोज बेंगॉल' नावाची. काचेवर किंवा कार्डावर तुमच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गडद गुलाबी रंगाच्या द्रावणाचा एक थेंब एकत्र करून हलवतात. काही मिनिटांतच, प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीराने रक्तात तयार केलेली प्रथिनं) असतील तर त्या गुलाबी थेंबात रवा विस्कटल्यासारखे कण दिसू लागतात; नसतील तर थेंब तसाच एकसारखा राहतो. स्वस्त आणि झटपट तपासणी आहे, पण ती चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली की पक्कं करण्यासाठी पुढची लागते.

ती म्हणजे नळीतली अ‍ॅग्लुटिनेशन तपासणी, जिला डॉक्टर सॅट म्हणतात, किंवा एलायझा. सॅटमध्ये टायटर, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं किती आहेत ते दाखवणारा आकडा, 160 किंवा त्याहून जास्त आणि सोबत लक्षणं असतील तर ब्रुसेलोसिस धरतात. टायटर काठावर असेल तर दोन आठवड्यांनी परत रक्त तपासतात. आकडा चौपट झाला तर लागण ताजी आहे असा अर्थ होतो. जन्मभर जनावरांत वावरलेल्या माणसाच्या रक्तात आजार नसतानाही थोडी प्रतिपिंडं सापडतात. म्हणून नुसत्या आकड्यावर औषध सुरू करू नये आणि नुसत्या आकड्याला घाबरूही नये.

सगळ्यात पक्का पुरावा रक्ताच्या कल्चरचा. जंतू प्रत्यक्ष वाढला की शंका उरत नाही. त्यासाठी रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावं. हा जंतू सावकाश वाढतो, आणि तो प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागतो. तेव्हा ब्रुसेलाची शंका आहे असं कागदावर लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. नमुना हाताळणाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते गरजेचं आहे.

या तपासण्या तालुक्याच्या प्रत्येक लॅबमध्ये होत नाहीत. जायच्या आधी फोन करून विचारा. मोठ्या खासगी लॅबच्या शाखा रक्त घेऊन बाहेर पाठवतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतो, तिथे चौकशी करावी: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण, लातूरची विलासराव देशमुख संस्था. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि वही पिशवीत असू द्या.

टीबी नाही ना, याची खात्री इथेच करून घ्या. दोन्हींत ताप, घाम, वजन घटणं, मणक्याचं दुखणं असतं. ब्रुसेलोसिससाठी वापरलं जाणारं रिफाम्पिसिन हे टीबीचंही मुख्य औषध आहे. टीबी असताना ते चुकीच्या जोडीने दिलं तर टीबीचे जंतू त्याला दाद देईनासे होतात. छातीचा एक्स-रे, बेडका असेल तर त्याची सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी), कंबरदुखी जास्त असेल तर मणक्याचा एमआरआय हे डॉक्टर सांगतील. त्याला खर्च लागतो, पण ही पायरी गाळू नये.

पायरी चौथी: औषध, आणि सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे

एका औषधाने हा जंतू जात नाही, दोन लागतात. मोठ्या माणसांत नेहमीची जोडी अशी: डॉक्सिसायक्लिन 100 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा आणि रिफाम्पिसिन 600 ते 900 मिलीग्रॅम दिवसातून एकदा, दोन्ही सहा आठवडे. दुसऱ्या पद्धतीत डॉक्सिसायक्लिन तसंच सहा आठवडे आणि रिफाम्पिसिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन दोन ते तीन आठवडे; काही ठिकाणी जेंटामायसिन देतात. इंजेक्शनच्या जोडीत आजार उलटण्याचं प्रमाण कमी असतं, पण रोज टोचून घ्यायला दवाखाना जवळ लागतो, आणि ते औषध कानाला व मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. कानात शिट्टी वाजली किंवा चालताना तोल गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मणक्यात आजार असेल तर औषध तीन महिने किंवा जास्त चालतं. हे आकडे तुम्हाला तुमचा कागद वाचता यावा म्हणून दिलेत. मेडिकलवर जाऊन स्वतः गोळ्या घेऊ नका.

रिफाम्पिसिन सकाळी उपाशीपोटी घ्यायचं. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी केशरी होतं. रक्त जातंय असं वाटून घाबरू नका. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा कातडी पिवळी पडली, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र गोळ्या थांबवून यकृताची तपासणी करून घ्या. कोर्स चालू असताना दारू पूर्ण बंद.

डॉक्सिसायक्लिन जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यायचं आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यावर गिळून झोपलं तर गोळी अन्ननलिकेत अडकते आणि छातीत आग पडते. दूध, कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीची औषधं यांच्यासोबत घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. या गोळीने ऊन बाधतं. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तसंही अंग भाजतं, तेव्हा पूर्ण बाह्या आणि डोक्याला रुमाल हवाच.

या वयात आधीच्या गोळ्या चालू असतात, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्या, ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांचा असर कमी होतो. साखर अचानक वाढू लागते आणि माणूस म्हणतो, मी तर पथ्य पाळतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल घरात आजारी असेल तर त्यांच्यासाठी औषधं वेगळी असतात.

दुसऱ्या आठवड्यात ताप उतरतो, भूक लागते, माणूस शेतात जाऊ लागतो. कोर्स सुटतो तो याच टप्प्यावर. पेरणी आली, लग्न आलं, गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जायला सवड झाली नाही. पूर्ण कोर्स घेऊनही शंभरातल्या पाच ते दहा जणांत आजार उलटतो. अर्धवट सोडणाऱ्यांत त्याहून जास्त. मी गोळ्यांची पाकिटं देवघराच्या फळीवर ठेवली होती, सासूबाई दिवा लावताना रोज विचारायच्या. कुणीतरी विचारणारं असणं फार कामाला येतं.

पाय लुळे पडू लागले, लघवी अडली, दम लागू लागला, किंवा डोकं असह्य दुखून माणूस बरळू लागला, तर गावात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा. हृदयाच्या झडपेला किंवा मेंदूला लागण क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतते.

पायरी पाचवी: कोर्स संपल्यावर

टायटर लगेच शून्य होत नाही. बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने रक्तात प्रतिपिंडं राहतात. ताप नाही, घाम नाही, वजन भरतंय, यावर डॉक्टर जास्त भर देतात. उलटला तर बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत उलटतो, म्हणून तेवढे दिवस वही चालू ठेवा. थकवा मात्र सावकाश जातो. घरच्यांना वाटतं औषध संपलं म्हणजे माणूस धडधाकट झाला आणि धुणं, धारा, वैरण सगळं परत त्याच्या अंगावर येतं. निदान महिनाभर जड काम दुसऱ्याने उचलावं, हे घरात स्पष्ट बोलून घ्या.

हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. पण दूध सगळे एकच पितात आणि गोठ्यात सगळेच वावरतात, तेव्हा घरात आणखी कुणाला ताप किंवा सांधेदुखी असेल तर त्यांचीही तपासणी करा.

पायरी सहावी: गोठा

माणूस बरा झाला आणि गोठा तसाच राहिला, तर दुखणं परत दारात येतं. जनावरांत हा आजार बऱ्याचदा गाभडण्यातून कळतो, तोही गाभणपणाच्या उतरत्या महिन्यांत. वार अडकणं, दूध घटणं, वळूच्या वृषणाला सूज, गुडघ्यावर पाण्याची गाठ या बाकीच्या खुणा. अशा वेळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या नंबरवर फोन करा. जनावराचं रक्तही रोज बेंगॉलने तपासता येतं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मार्गदर्शन मिळतं.

गाभडलेलं वासरू, वार आणि खालचा भुसा उकिरड्यावर टाकू नका. कुत्री ओढून गावभर नेतात. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हातात लांब मोजे, तोंडाला फडकं, काम झाल्यावर साबणाने हात आणि जागेवर जंतुनाशक. दूध उकळी येईपर्यंत तापवलं की जंतू मरतो. उकळलेल्या दुधाचं दही-ताक चालतं. धारोष्ण दूध मात्र कुणालाच देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच.

बाधित जनावराला औषध देऊन बरं करणं व्यवहारात जमत नाही. ते वेगळं बांधावं लागतं आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढचं ठरवावं लागतं. देवणी किंवा लाल कंधारी गाय घरच्या माणसासारखी असते, हे मला कळतं. पण ती हाळीच्या बाजारात नेऊन विकली तर आपलं दुखणं आपण दुसऱ्याच्या दावणीला बांधतो. तसंच माळेगावच्या यात्रेतून नवं जनावर आणलं तर तपासणी होईपर्यंत ते आपल्या जनावरांत मिसळू नका.

लसीचं सोपं आहे. सप्टेंबर 2019 पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुतासोबत ब्रुसेलाची लस दिली जाते. चार ते आठ महिन्यांच्या फक्त मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि वगारींना, आयुष्यात एकदाच. नराला नाही, गाभण जनावराला नाही. वासरू आठ महिन्यांच्या पुढे गेलं की संधी गेली, म्हणून जन्मतारीख लिहून ठेवा आणि दवाखान्यात आधीच नाव सांगून ठेवा. लस जिवंत जंतूची आहे. टोचताना वासरू धरणाऱ्याला सुई लागली किंवा लस डोळ्यात उडाली तर जागा लगेच धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन कोणत्या लसीची सुई लागली ते सांगा.